'इम्पीड' म्हणजे काय? इंग्रजीतला 'खोडा' आणि अकोला-खंडवा रेल्वे

प्रकल्प रखडल्याची इंग्रजी बातमी वाचताना 'इम्पीड' हा शब्द तुम्हाला दिसला असेल. अर्थ सोपा आहे: पुढे जाणाऱ्या गोष्टीत अडथळा आणणे. उच्चार करताना जोर 'पीड'वर द्यायचा. आपल्या 'पीडा'शी मात्र त्याचा काही संबंध नाही. त्याचं नातं आहे 'पाय' या शब्दाशी!

लॅटिनमध्ये 'पेस' म्हणजे पाय. त्यावरून 'इम्पेदिरे' म्हणजे पाय अडकवणे, आणि त्यातूनच इंग्रजी 'इम्पीड' आला. लॅटिन 'पेस' आणि संस्कृत 'पाद' यांचं मूळ एकच, आणि मराठी 'पाय' आला तो 'पाद'वरून. म्हणजे पाय, पेडल, मोपेड आणि इम्पीड हे एकमेकांचे लांबचे नातेवाईक.

मराठीतही हुबेहूब हीच कल्पना आहे. 'कामात खोडा घातला' असं आपण सर्रास म्हणतो. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. 'इम्पीड'ला याहून चपखल मराठी शब्द सापडणार नाही.

याचा उलट शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. सरकारी ऑफिसात 'फाइल एक्स्पिडाइट करा' म्हणतात ना, तोच. मूळ अर्थ, पाय मोकळे करणे. (फायलींचे पाय किती मोकळे होतात, ते सोडा.)

आता वापर. 'प्रिव्हेंट' म्हणजे होऊच न देणे, तर 'इम्पीड' म्हणजे चाल मंदावणे. वऱ्हाडातलंच उदाहरण घेऊ. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे गेज रूपांतरासाठी 2017 मध्ये बंद झाली. अकोला-अकोट गाडी 2022 मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाली, पण पुढचं काम अडकलं. कारण जुना मार्ग जवळपास 38 किलोमीटर अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पर्यायी मार्गासाठी केंद्राला पत्र लिहिलं होतं. प्रकल्प बारगळला नाही, रेंगाळला. म्हणून इथे 'इम्पीड' बरोबर.

पण कोणी कोणाला 'इम्पीड' केलं? अकोट-हिवरखेडच्या प्रवाशाला विचारलं तर जंगलाच्या नियमांनी रेल्वेला. वन्यजीव अभ्यासक म्हणतील, जंगलातून जलद गाड्या धावल्या तर त्या वाघांच्या ये-जा करण्याला 'इम्पीड' करतील. दोन्ही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक आहेत. फक्त पाय वेगवेगळे. त्यामुळे बातमीत हा शब्द आला की कर्ता आणि कर्म कोण ते आधी बघा, बातमी कोणाच्या बाजूने लिहिली आहे ते लगेच कळतं.

जाता जाता: याचं नाम 'इम्पेडिमेंट'. क्रियापदानंतर थेट कर्म येतं, नामानंतर मात्र 'टू' लावावं लागतं. आणि 'स्पीच इम्पेडिमेंट' म्हणजे भाषणबंदी नव्हे, तर तोतरेपणासारखी बोलण्यातली अडचण.