पावसाळ्यात उघडे राहणारे काळे रान

सोलापूर व आसपासच्या अवर्षणप्रवण भागात शाळूचे रान पावसाळाभर मोकळे असते. पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमारास होते. पण तोवर पावसाचा पुष्कळसा भाग कुळवलेल्या, उघड्या मातीवर पडून गेलेला असतो. थेंबांच्या आघाताने मातीचे कण सुटे होतात, वरची छिद्रे बुजतात आणि गढूळ पाणी उताराकडे धावू लागते. घळ पडली म्हणजे ती शेतकऱ्याच्या नजरेस येते. साऱ्या शेतावरून पापुद्र्यासारखा निघून जाणारा थर मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

एक हेक्टर शेतावरून केवळ एक मिलिमीटर माती गेली, तरी ती सुमारे १३ टन भरते. अर्ध्या टनाची बैलगाडी धरल्यास सव्वीस गाड्या झाल्या! आणि जातो तो मुरूम नव्हे, वरचा कसदार थरच. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन मातीची धूप होते. तीपैकी २९ टक्के समुद्रास मिळते व १० टक्के जलाशयांत साचते. एक इंच माती घडण्यास निसर्गाला मात्र शतके लागतात.

रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर पोसते. म्हणून येथे मातीच्या थराची जाडी हेच पाण्याचे कोठार होय. थर वीतभर उरला, की पीक पोटरीत असतानाच ओल संपते, मग खत कितीही घातले तरी कणीस भरत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास १९२३ साली पुण्यानजीक मांजरी येथे व १९३३ पासून सोलापूर येथे सुरू झाला. समपातळीवर बांध घालण्याचे काम त्यानंतर मोठ्या प्रमाणावर झाले. परंतु भारी काळ्या जमिनीत हे बांध नेहमीच टिकले नाहीत. उन्हाळ्यात बांधालाही भेगा पडतात, आणि पहिले पाणी त्यांतून शिरून तो फोडते. पुढे जमीन फुगली, की पाणी मुरेनासे होऊन बांधालगत तुंबते व पीक पिवळे पडते. काही शेतकऱ्यांनी असे बांध मुद्दाम फोडले. सांडवा नसलेल्या बांधाबाबत त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही.

यास्तव भारी जमिनीत पाणी बांधापाशी अडविण्याऐवजी पडेल तेथेच थोपविणे श्रेयस्कर. जुलैमध्ये, जमीन वाफशावर असताना, सहा ते दहा मीटर लांबी-रुंदीचे बंदिस्त वाफे पाडावेत. प्रत्येक वाफ्यात थोडे थोडे पाणी थांबून मुरते आणि त्याला वेग येत नाही. कुळवणी व पेरणी उतारास आडवी करावी. जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवावा व बांधावर गवत राखावे.

वरच्या शेतातील पाणी अडले नाही, तर खालच्याचे वाफे एका सरीत वाहून जातात. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने एकेका शेताऐवजी सलग क्षेत्राची योजना आखण्याची तरतूद केली, तीही याच कारणाने. बांधबंदिस्तीचे काम ओढ्याच्या माथ्यापासून हाती घ्यावे. वळवाची पहिली सर पडताच फावडे घेऊन बांधावरून फिरावे आणि उंदरांची बिळे व भेगा त्याच दिवशी बुजवाव्यात.