ताल धरा, पण बेताने!

आयटी पार्कमुळे हिंजवडीचा चेहरामोहरा बदलला आणि त्यापाठोपाठ मुळशी तालुक्यातील जांबे, मारुंजी, नेरे या गावांच्या शिवारातही गृहसंकुले उभी राहिली. दिवसभर संगणकासमोर बैठक आणि उरलेला वेळ वाहतूक कोंडीत, अशी दिनचर्या असलेल्यांना संगीताच्या तालावरील सामूहिक व्यायामाचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. मात्र, नाचता नाचता खरोखरच व्यायाम घडतो का, हे समजून घेणे आवश्यक आहे.

विसरलेली कॅसेट
अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील पुस्तकाने 'एरोबिक्स' हा शब्द रूढ केला. पुढे १९९०च्या दशकात कोलंबियातील प्रशिक्षक बेटो पेरेझ वर्गात नेहमीची कॅसेट न्यायला विसरले. त्यांनी जवळच्या साल्सा आणि मेरेंगे संगीतावर वर्ग घेतला आणि 'झुंबा'चा जन्म झाला. २००१ मध्ये अमेरिकेत त्याची कंपनी स्थापन झाली. आज झुंबा हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असून, त्या नावाने वर्ग घेण्यासाठी परवाना लागतो.

किती वेळ पुरेसा?
'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल अपुरी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. तासाभराचे तीन वर्ग केल्यास ही किमान मर्यादा गाठता येते. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागणे ही मध्यम व्यायामाची सोपी खूण. मात्र, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायामही करावेत, असे संघटना सांगते. केवळ नृत्याने ही गरज पूर्णपणे भागत नाही.

काळजी कोणती?
उड्या आणि गिरक्यांचा भार गुडघे व घोट्यांवर येतो. त्यामुळे काँक्रीटवर थेट बसविलेल्या फरशीपेक्षा लाकडी किंवा लवचिक जमीन चांगली. धावण्याच्या बुटांचा तळ जमिनीला घट्ट धरून ठेवतो. गिरकी घेताना त्यामुळे गुडघा मुरगळण्याची शक्यता असते. सुरुवातीला शरीर तापविणे आणि शेवटी हळूहळू शांत करणे टाळू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब, सांधेदुखी असलेल्यांनी तसेच गर्भवतींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास लगेच थांबावे. शेजाऱ्याच्या बरोबरीने उडी मारण्याची सक्ती नसते. तीच हालचाल उडीविना करता येते. असा पर्याय दाखवितो तोच जाणता प्रशिक्षक.

तालावरील सामूहिक व्यायाम महाराष्ट्राला नवा नाही. तालमी, शाळा आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत लेझीम पूर्वापार खेळली जाते. गाणे साल्साचे असो वा ढोल-ताशा हलगीचा, लाभ मिळतो तो सातत्यातूनच.