डिझेल गळतंय? पाना उचलण्याआधी तीन हिशेब

आजच्या व्हिडिओतलं काम इथे नीट लिहून ठेवतोय. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही बघा, जुन्या डिझेल गाडीवर धंदा चालवणारे आपले लोक भरपूर. गाडीखाली डाग दिसला की कोणी म्हणतं 'चालतेय तोवर चालू द्या', कोणी थेट पाना घेऊन आत शिरतं. दोन्ही महागात पडतं. आधी हिशेब करा.

पहिला हिशेब: गळतं किती? सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक. आधी खाली वाटी ठेवा, मग इंजिन चालू करा. १० मिनिटांत ३० मिली जमलं, तर तासाला १८० मिली. रोज ५ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर २३.४ लिटर. लिटरला ९० रुपये धरा, २१०६ रुपये गेले मातीत!

दुसरा हिशेब: गळतं कुठून? थेंब खाली पडतो, पण उगम वर असतो. थंड इंजिन फडक्याने कोरडं करा, मग चालू करून लांबूनच टॉर्चने बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात इंजिनची उष्णता. रबरी पाइप कडक होतात, तडकतात. क्लिप सैल होते, फिल्टरचं रबर दबतं. सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होत असेल, तर तिथूनच लाइनमध्ये एअर शिरत असू शकते.

तिसरा हिशेब: काम कोणाचं? टाकी ते फिल्टर आणि रिटर्नचे रबरी पाइप, हे घरी जमतं. पण पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपला हात लावायचा नाही. कॉमन रेल गाडीत तिथे १००० बारच्या वर दाब असतो. कारच्या टायरमध्ये जेमतेम २ बार! ती बारीक धार कातडीच्या आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो. तिथली गळती बोटाने चाचपायची नाही, इंजिन बंद करून मिस्त्रीला बोलवायचं.

आता काम. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, जागा मोकळी, बिडी-सिगारेट लांब. खाली ट्रे ठेवा. त्याच मापाचा, डिझेलसाठीचाच पाइप घ्या आणि क्लिपही नवी लावा. टेप गुंडाळणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. फिल्टरवर हँड पंप असेल तर तो दाबून एअर काढा. बुडबुडे थांबले की स्टार्ट करा आणि पुन्हा १० मिनिटं वाटी ठेवा. वाटी कोरडी, तर काम पक्कं.

शेवटी एक आपल्या मातीतली गोष्ट. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. त्याआधी १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाखाचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी काय? यंत्र २० वर्षं चालावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत बसावी. म्हणजे यंत्र घेतानाच दुरुस्तीचा हिशेब!

तुमच्या गाडीची आजची किंमत २ लाख असेल, तर हा आकडा १०,००० होतो. वहीत गाडीचं वेगळं पान करा. वर्षाचा खर्च त्याच्या वर जायला लागला, तर प्रश्न पाइपचा राहिला नाही, गाडी बदलण्याचा झाला.