उठावांना नावे ठेवताना

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा. फरक एका मात्रेचा. इतिहासातल्या उठावांच्या बाबतीत ही दोन्ही कामे बहुधा एकाच बैठकीत उरकली गेली, आणि त्या बैठकीला उठाव करणारा क्वचितच हजर होता.

मेरठच्या पलटणी 10 मे 1857 रोजी उठल्या. अडीच महिन्यांनी, 27 जुलैला, विरोधी बाकांवरच्या डिझरायलीने ब्रिटिश संसदेत सरकारला विचारले, की हे लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव? प्रश्नात मेख होती. शिपायांचे बंड म्हटले की दोष काडतुसांवर आणि दोन-चार अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणावर ढकलता येतो. राष्ट्रीय उठाव म्हटले की संस्थाने खालसा करण्यापासून सगळ्या कारभाराचा हिशेब द्यावा लागतो. सरकारला पहिले नाव सोयीचे होते आणि इंग्रजी पुस्तकांत तेच रुजले.

मराठीतही ‘बंड’ आले. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि हात हलवत परतले. त्यांची हकीकत चिं. वि. वैद्यांनी 1907 साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापली. तिच्यात शब्द ‘बंड’ आहे आणि झाशीच्या राणीविषयी आदरही आहे. भटजींना या दोहोंत विसंगती वाटलेली दिसत नाही. माझ्या मते मराठी ‘बंडा’ला इंग्रजी शब्दाइतका काळिमा कधी नव्हताच. (आता तर तिकीटवाटपाच्या मोसमात बंडोबांचे थंडोबा व्हायला दोन दिवस पुरतात.)

सावरकरांना मात्र हा शब्द सलला. सत्तावन्नवरच्या त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1909 साली निघाला आणि ‘स्वातंत्र्यसमर’ हे नाव रूढ होऊ लागले. पुस्तक छापून होण्याआधीच त्यावर बंदी आली होती; नावात किती दारू असते हे सरकारला पक्के ठाऊक होते. अमेरिकेतल्या गदर पक्षाच्या क्रांतिकारकांनी उलट वाट धरली. ‘गदर’ म्हणजे बंडच. 1913 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या पत्राला त्यांनी ‘गदर’ हेच नाव दिले आणि शिवीच मिरवायला घेतली.

शताब्दीला, 1957 साली, भांडण आपसात आले. सरकारने लिहून घेतलेल्या इतिहासाला सुरेंद्रनाथ सेन यांनी नुसते साल हेच नाव दिले. मोठा सावध माणूस! रमेशचंद्र मजुमदारांनी सावधपणा सोडून सांगितले, की हे पहिले नव्हते, राष्ट्रीय नव्हते आणि स्वातंत्र्ययुद्धही नव्हते.

‘दंगा’ हे नाव तर याहून लबाड आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना पैसाअडका नको होता. हवे होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. मिळाल्या त्या जाळल्या. लोण अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गेले, शेकडो माणसे धरली गेली. मारहाण झाली, पण सावकारांच्या जिवावर फारसे कोणी उठले नाही. रागाला कारण होते: अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 साली संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि शेतसारा मात्र वाढला. इतके नेमके लक्ष्य ठरवून केलेल्या कृतीला कागदोपत्री ‘दंगे’ म्हटले गेले. मुंबई सरकार चौकशीला फारसे राजी नव्हते. सत्तावन्नची आठवण ताजी असलेल्या कलकत्त्याच्या सरकारने ती करायला लावली. चौकशी आयोगाने शेतसाऱ्याला दोषमुक्त करून बोट सावकाराकडे दाखवले आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके धनगर-रामोशांना जमवून सावकारांवर धाडी घालत होते. सरकारदरबारी ते दरोडे होते. आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो.

उठाव करणाऱ्यांच्या स्वतःच्या भाषेतले नाव टिकल्याची उदाहरणे थोडी आहेत. संथाळांचा 1855 चा ‘हूल’ आणि बिरसा मुंडांचा ‘उलगुलान’ ही त्यांतली दोन. त्यांचे भाषांतर करायला कोणी धजत नाही, हे बरेच झाले. सातारच्या प्रतिसरकारचे तर लोकांनीच ‘पत्री सरकार’ केले. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तसा गावगुंडांच्या तळव्यांचा समाचार घेतात म्हणून, असे आजही सांगतात.

वाद मिटलेले नाहीत. 1817 च्या ओडिशातल्या पाइकांच्या उठावाला ‘पहिले स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणावे, ही मागणी केंद्र सरकारने 2021 साली मान्य केली नाही. पाठ्यपुस्तकात जागा देऊ, एवढे म्हटले. पहिलेपणाची ही रांग मला तरी निरर्थक वाटते.

दिल्लीला गेलात तर तिथल्या ‘रिज’ टेकडीवरचा लाल दगडी मनोरा जरूर पाहा. इंग्रजांनी तो 1863 साली आपल्या मृतांसाठी उभारला. 1972 साली त्याचे नाव अजितगड झाले. जुने शिलालेख काढले नाहीत. शेजारी एक नवी पाटी लावली: या लेखांतले ‘शत्रू’ म्हणजे परकी सत्तेविरुद्ध उठून शौर्याने लढलेले लोक.