कॅमेऱ्याचा रुसवा

शुभकार्याच्या आदल्या रात्री माणसाने लवकर झोपावे. निदान सुरळीत चाललेल्या वस्तूची कळ तरी काढू नये. हे शहाणपण मला आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी आले, आणि तेही ८१ दिव्यांच्या उजेडात, शे-सव्वाशे पाहुण्यांच्या देखत!

हजार पौर्णिमा पाहायच्या म्हणजे सुमारे ८० वर्षे १० महिने जगावे लागते. आईने त्या पाहिल्या आणि आम्ही भावंडांनी पुण्यातच एक लहानसे कार्यालय घेऊन समारंभ ठरवला. आईची एकच अट होती: "ताई आली तर करा, नाहीतर नको." ताई म्हणजे आमची रत्नागिरीची मावशी. वय ८६. गुडघ्यांनी तिचे घाट चढणे बंद केले होते, आणि दोघी बहिणींची गाठभेट होऊन सहा वर्षे झाली होती. तरी मावशी आली. गाडीतून उतरताच मला म्हणाली, "अरे, आमचा दोघींचा एक चांगला फोटो काढ बरं का. लहानपणचा एकही नाही. तेव्हा कोण काढतंय मुलींचे फोटो!"

मी म्हटले, "मावशी, एक काय, शंभर काढतो!"

वाचकहो, अशा वेळी वास्तुपुरुष तथास्तु म्हणत नाही. तो नुसता हसतो.

आदली रात्र

माझ्याकडचा कॅमेरा मिररलेस जातीचा. कंपनीचे नाव सांगत नाही. शेवटपर्यंत वाचलेत म्हणजे कळेल की ते सांगणे अन्यायाचे झाले असते. रात्री अकराला बॅटऱ्या भरायला लावल्या आणि सहज मोबाइल पाहिला, तर संदेश: आपल्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे. फोकस अधिक चपळ होईल, उडत्या पक्ष्याचा डोळाही कॅमेरा ओळखील. आमच्या समारंभात उडता पक्षी कोणीच नव्हता. पण फुकट मिळते म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणसाचा हात पुढे होतोच.

सौ. म्हणाली, "चालतोय ना नीट? मग कशाला हात लावता?"

मी तिला प्रगतीवर चार वाक्ये ऐकवली, कार्डावर ती फाइल घेतली आणि पाच-सात मिनिटांत कॅमेरा नवा करून टाकला.

सकाळी पूजेपर्यंत सारे ठीक चालले. भटजींनी हात उंचावला, मी बटण दाबून धरले, पटापट दहा-बारा फोटो निघाले आणि पुढच्या क्षणी पडद्यावर भटजींचा हात वरच राहिला. खऱ्या भटजींनी तो केव्हाच खाली आणला होता! कार्डाचा तांबडा दिवा जळतच होता. मी कॅमेऱ्याचे बटण बंद केले. कॅमेरा बंद होईना. शेवटी बॅटरी उपसून काढली तेव्हा तो गतप्राण झाला. हा प्रकार तासाभरात तीनदा झाला. एकदा तर भावाने आईला शाल पांघरली, नेमकी त्याच वेळी.

औक्षणाच्या वेळी माझे हात कापू लागले. म्हटले, नव्या झूम भिंगाचीच ही करणी असणार. पिशवीत वडिलांचे १३५ मिलिमीटरचे, आटे फिरवून बसवायचे जुने भिंग होते. ते मी अ‍ॅडॅप्टर लावून चढवले, हॉलच्या मागच्या भिंतीला टेकलो आणि जपून एकेक फोटो काढत गेलो. मावशीने तबक उचलले, ८१ दिव्यांचा उजेड दोघींच्या चेहऱ्यांवर पडला. कॅमेरा एकदाही अडला नाही. मला वाटले, वडिलांनी लाज राखली!

रात्री संगणकावर फोटो पाहिले. सगळे हललेले. दिव्यांच्या ज्योती शेवयांसारख्या लांबलेल्या. हेच भिंग, एवढाच उजेड आणि सेकंदाचा तिसावा भाग हाच वेग धरून मी आजवर कितीतरी स्वच्छ फोटो काढले होते. म्हणजे आता कॅमेऱ्याचे कंपनरोधकही गेले! दोन दुखणी आणि दोन्ही नव्या आवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी. गुन्हेगार कोण, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

फर्मवेअर म्हणजे कोण?

हा शब्द तसा जुना आहे. १९६७ साली अ‍ॅशर ऑपलर यांनी 'डेटामेशन' या नियतकालिकात तो प्रथम वापरला. यंत्राचे लोखंड ते हार्डवेअर, त्यावर चालणारे कार्यक्रम ते सॉफ्टवेअर, आणि दोहोंच्या मधले ते फर्मवेअर. आज त्याचा अर्थ असा, की यंत्राच्या पोटात कायम राहणारा, त्याला हातपाय कसे हलवायचे हे सांगणारा कार्यक्रम.

जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात बॅटरी संपली तरी आरशातून समोरचे दिसत असे. २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स पद्धत आली आणि आरसा नसलेले, भिंग बदलता येणारे कॅमेरे घरोघर जाऊ लागले. यांत आरसाच नाही. सेन्सर सतत जागा, त्यावरचे चित्र सतत पडद्यावर. म्हणजे कॅमेरा हा पूर्णवेळ संगणकच झाला. आणि त्याचे चालू-बंदचे बटण हे दिव्याच्या बटणासारखे तार तोडत नाही. ते साहेबाच्या टेबलावर ठेवलेल्या अर्जासारखे असते. साहेबच भोवळ येऊन पडला असेल तर अर्ज मंजूर कोण करणार? म्हणून बॅटरी काढावी लागते. मात्र तांबडा दिवा जळत असताना लगेच काढू नये, चार-पाच मिनिटे वाट पाहावी. कारण त्या वेळी कार्डावर लिहिणे चालू असू शकते, आणि अर्धवट लिहिलेली वही बिघडते. हे मला पुढे कळले. त्या दिवशी मी तीनदा बॅटरी उपसली होती!

दुसऱ्या दिवशी एका दुरुस्ती केंद्रात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने कॅमेरा उलटसुलट केला, कानाशी हलवला, आतला टकटक आवाज ऐकला आणि म्हणाला, "आतलं ढिलं झालंय. बोर्ड बदलावा लागेल." आकडा ऐकून मी कॅमेरा परत पिशवीत घातला. तेवढ्यात निम्मा नवा कॅमेरा आला असता.

काकांची वही

तुळशीबागेजवळच्या एका बोळात फिल्मच्या काळापासून कॅमेरे उघडणारे एक काका बसतात. त्यांच्यापुढे मी सगळे गाऱ्हाणे मांडले आणि वर निकालही सांगितला: "काका, हे सगळं त्या फर्मवेअरमुळे झालं."

काका म्हणाले, "साहेब, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याला फाशी देऊ नका. वही आहे? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं."

आम्ही तसे केले. आधी बॅटरी बदलली. प्रत्येकी बारा फोटोंचे वीस झपाटे काढले. कॅमेरा चार वेळा अडला. मग जुनी बॅटरी ठेवून झूम भिंगाचे पितळी ठिपके कोरड्या स्वच्छ कापडाने पुसले. पुन्हा वीस झपाटे, पाच वेळा अडला. मग भिंग तेच, बॅटरी तीच आणि फक्त कार्ड नवे. वीस झपाटे, एकदाही नाही. जुने कार्ड परत घातले, तिसऱ्याच झपाट्याला तांबडा दिवा अडकला!

ते कार्ड पाच वर्षांचे. ते माझ्या कॅमेऱ्यातून भाच्याच्या कॅमेऱ्यात, तिथून संगणकात, असे फिरलेले. फायली मी संगणकावरच पुसायचो. कॅमेऱ्यात ते कधी फॉरमॅट म्हणून केलेच नव्हते. एकेक फोटो ते मुकाट्याने गिळत होते. झपाट्याने भरवले की ठसका लागत होता. औक्षणाच्या वेळी कॅमेरा अडला नाही तो वडिलांच्या पुण्याईने नव्हे, मी एकेक फोटो काढत होतो म्हणून. कार्ड मरायला टेकले होते; नेमके त्या रात्री मी नवी आवृत्ती घातली, इतकेच.

आता दुसरे दुखणे. काकांनी औक्षणाचा फोटो मोठा करून पाहिला. म्हणाले, "हललेला फोटो तीन तऱ्हांचा असतो. भिंत, तोरण, माणसं सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. माणूस मऊ आणि त्याच्या मागची खुर्ची कडक, तर फोकस चुकला. कंपनरोधकाचा इलाज फक्त पहिल्या रोगावर आहे. यात तुमचा हात हललाय. आणि मावशींचा हात वेगळा हललाय, तो कुठल्याच यंत्राने थांबला नसता."

मग त्यांनी कॅमेरा कानाशी हलवला. टकटक. "ही तक्रार नव्हे. कॅमेरा बंद असताना बऱ्याच मॉडेलांत सेन्सर सैल असतो, तो वाजतो."

ही सेन्सरची तऱ्हा मोठी गमतीची आहे. कॅमेऱ्यात बसवलेले नाजूक जायरोस्कोप हात किती आणि कुठे कलला ते मोजतात, आणि विद्युतचुंबकांवर तरंगता ठेवलेला सेन्सर त्या बेताने सरकतो. २००३ साली मिनोल्टाच्या डायमाज ए-१ मध्ये सेन्सर सरकवण्याची ही युक्ती आली. २०१२ साली ऑलिंपसच्या ई-एम ५ मध्ये ती पाच अंगांनी चालू लागली: वर-खाली कलणे, डावी-उजवीकडे वळणे, गोल फिरणे आणि दोन दिशांनी सरकणे. पण किती सरकायचे हे भिंगावर अवलंबून असते. हात तेवढाच कलला तरी १३५ मिलिमीटरच्या भिंगात चित्र ५० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा पावणेतीन पट सरकते.

काकांनी विचारले, "या जुन्या भिंगाला कॅमेऱ्याशी बोलता येतं का?"

"नाही. त्याचा आकडा मी हाताने घातलाय, १३५."

"बघा बरं, आहे का अजून."

मी मेनू उघडला. तिथे ५० होते!

नव्या आवृत्तीने माझी काही सेटिंग मूळ स्थितीला नेली होती. तसे सूचनापत्राच्या शेवटच्या ओळीत छापलेलेही होते. मी फक्त पक्ष्यांची ओळ वाचली होती. कॅमेरा प्रामाणिकपणे काम करीत होता; पण १३५ चा खड्डा तो ५० च्या मातीने बुजवत होता. उरलेले ८५ फोटोत दिसले. उलटे झाले असते, म्हणजे भिंग ५० चे आणि आकडा १३५ असता, तर आणखीच पंचाईत: कंपनरोधक बंद ठेवून निघाला असता त्याहूनही वाईट फोटो निघाला असता. मी १३५ घातले आणि काकांच्या गल्ल्यावरच्या गणपतीचा फोटो सेकंदाच्या तिसाव्या भागात काढला. सोंडेवरचा मोदक मोजून घ्यावा असा आला.

काकांनी पैसे घेतले नाहीत. "मी काय केलं? तुमची वही बोलली."

चार गोष्टी पदरात

तेव्हापासून पाळतो त्या गोष्टी सांगतो. दिवाळीत कॅमेरे बाहेर निघतात, उपयोगी पडतील. नवी आवृत्ती आल्यावर दोन आठवडे थांबावे; मोठमोठ्या कंपन्यांनाही नवी आवृत्ती काढून मागे घ्यावी लागल्याचे प्रकार घडले आहेत, आणि अनेक कॅमेऱ्यांत जुन्यावर परत जाता येत नाही. सूचनापत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. आधी सगळी सेटिंग कार्डावर साठवावीत किंवा वहीत उतरवावीत. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट केलेले असावे आणि काम चालू असताना कशालाही हात लावू नये. भिंगालाही स्वतःचे फर्मवेअर असते, तेही तपासावे. कॅमेरा तिवईवर असेल आणि चित्र थरथरत असेल, तर कंपनरोधक बंद करून पाहावे. आणि त्यानंतर एक दिवस घरातल्याच माणसांचे फोटो काढून खात्री करून घ्यावी. कार्याच्या आदल्या रात्री तर काहीच करू नये. हे सौ.ने फुकट सांगितले होते.

मावशीला मी फोनवर म्हटले, "फोटो बिघडले गं. पावसाळा संपला की कॅमेरा घेऊन रत्नागिरीला येतो, आईलाही आणतो." ती म्हणाली, "ये. पण आता बोलून दाखवू नकोस, करून दाखव."

ते राहिले. भाद्रपदात मावशी गेली. फार काही झाले नाही, रात्री झोपली ती सकाळी उठली नाही.

तेराव्यानंतर आईने औक्षणाचा फोटो मागितला. मी म्हटले, "आई, तो हललाय. मावशीचा हात तर नीट दिसतच नाही." आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. म्हणाली, "ती अशीच होती रे. एका जागी कधी बसली का? हाच कर."

तो मोठा करून, चौकट करून आईच्या खोलीत लावला आहे. माझ्या हजारो फोटोंमधला हा एकच फोटो भिंतीवर आहे, आणि त्याच्याकडे पाहिले की माझी चूक मला रोज दिसते.

परवा मोबाइलवर संदेश आला: आपल्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती उपलब्ध आहे. दिवाळी तोंडावर आहे. भाऊबीजेला बहिणी येणार आहेत, नातवंडे येणार आहेत. तुळशीचे लग्न लागेपर्यंत मी त्या संदेशाला बोट लावणार नाही.