स्कूटर की मोटार? : विद्यार्थ्याच्या वाहनाचा जमाखर्च

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाची धावपळ संपते आणि जुलैच्या सुमारास अनेक घरांत एक नवा प्रश्न उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाणार, त्यासाठी वाहन कोणते घ्यावे? आजोबा म्हणतात, स्कूटर पुरेशी आहे. आई म्हणते, दुचाकीवर जीव टांगणीला लागतो, लहानशी मोटार घ्या. मामा सांगतात, आपल्या समाजात आता सर्वांच्या मुलांकडे मोटार आहे. वडील गप्प असतात, कारण पैसे त्यांनाच मोजायचे असतात. दुकानातील प्रत्येक वस्तूची खरेदी पारखून करणारी व्यापारी कुटुंबे हा निर्णय मात्र पुष्कळदा भावनेच्या भरात घेतात. म्हणून त्याचा थोडा शांतपणे जमाखर्च मांडणे उचित ठरेल.

पन्नास वर्षांपूर्वी असा प्रश्नच नव्हता. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगची ‘लुना’ आली. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, फिरोदिया या जैन कुटुंबाचा हा उद्योग. कमी किमतीची, पेडल असलेली ही हलकी गाडी विद्यार्थी, शिक्षक आणि छोटे दुकानदार यांची पहिली सोबतीण ठरली. पुढे १९८४ मध्ये आलेल्या ‘कायनेटिक होंडा’मुळे गिअर बदलण्याचा व किक मारण्याचा त्रास संपला आणि घरातील लेकीसुना सहज स्कूटर चालवू लागल्या.

दुचाकीवरून चारचाकीकडे जाण्याचा सर्वांत मोठा प्रयोग २००८ मध्ये झाला. एकाच स्कूटरवर जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली आणि एक लाख रुपयांची ‘नॅनो’ दिल्लीच्या प्रदर्शनात अवतरली. दहा वर्षांतच, २०१८ मध्ये, तिचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच तिला बाधली, असे टाटा यांनी स्वतः नंतर सांगितले. यातून एक गोष्ट उघड होते. मोटार घेताना लोक केवळ प्रवासाचे साधन घेत नाहीत, तर प्रतिष्ठाही विकत घेतात. विद्यार्थ्याच्या वाहनाचा विचार करताना या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांवर लिहिल्या पाहिजेत.

आधी गरज, मग गाडी

पहिला प्रश्न अंतराचा. घरापासून महाविद्यालय तीन-चार किलोमीटरवर असेल, तर सायकल किंवा बसचा पास हे उत्तर असू शकते. पुण्यात आता मेट्रोही आहे. तालुक्याच्या गावाहून तीस-चाळीस किलोमीटरवरील शहरात रोज जायचे असेल, तर महामार्गावर स्कूटर दामटण्यापेक्षा एस.टी. केव्हाही बरी. विद्यार्थ्यांच्या पासाला सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मेच भाडे पडते. वाहनाची खरी गरज भासते ती मधल्या अंतराला, म्हणजे साधारण पाच ते पंधरा किलोमीटरला. त्यातही सकाळी महाविद्यालय, दुपारी शिकवणी किंवा सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी कार्यालय अशी दिवसातून दोन-तीन ठिकाणे गाठायची असतील, तर गरज अधिकच.

जैन घरात आणखी एक मोजमाप आहे, ते सूर्यास्ताचे. ज्यांना रात्रिभोजनत्याग आहे, चौविहार आहे, त्या विद्यार्थ्याला डिसेंबरमध्ये संध्याकाळी सहाच्या आत जेवण आटोपावे लागते. पाचला तास सुटला, तर हाती तासाभराचाच अवधी उरतो. शहरातील त्या वेळच्या गर्दीत मोटार अडकून पडते, तर स्कूटर वाट काढते. मोटारीला जागा शोधण्यात जाणारी दहा-पंधरा मिनिटे वेगळीच. नियम पाळू इच्छिणाऱ्या मुलाला वाहन देताना ही बाब लक्षात घेतलीच पाहिजे. तथापि, सूर्यास्त गाठण्यासाठी बेफाम धावणे हेही धर्माला धरून नाही. त्यापेक्षा घरून डबा नेणे अधिक शहाणपणाचे.

चार वर्षांचा हिशेब

आता आकडे. एक नमुना घेऊ. रोज वीस किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे किलोमीटर. मुदत चार वर्षांची. पेट्रोल लिटरला १०५ रुपये. दर व किमती गावोगाव बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत एक लाख रुपये धरू. लिटरला ४५ किलोमीटर मिळाले, तर महिन्याला पेट्रोलचे सुमारे १,१६७ रुपये आणि चार वर्षांत ५६,००० रुपये होतात. देखभाल व टायर यांचे वर्षाला ४,००० प्रमाणे १६,००० रुपये. पहिल्या वर्षाचा विमा किमतीत येतो, पुढील तीन वर्षांचे साधारण ४,५०० रुपये. चांगले हेल्मेट आणि पावसाळी कपडे यांचे ४,००० रुपये. चार वर्षे उलटलेल्या वाहनाची विमायोग्य किंमत मुळाच्या निम्मी धरली जाते. तोच दंडक लावला, तर घसारा ५०,००० रुपये. एकूण १,३०,५०० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे २,७०० रुपये.

लहान नवी मोटार साडेपाच लाखांची धरू. दीड लाख रोख आणि चार लाख कर्ज, नऊ टक्के दराने चार वर्षांसाठी. हप्ता ९,९५४ रुपयांचा होतो आणि व्याजापोटी सुमारे ७७,८०० रुपये जातात. गर्दीच्या शहरात लिटरला पंधरा किलोमीटर मिळाले, तर पेट्रोलचे १,६८,००० रुपये. विम्याचे तीन वर्षांचे ३६,०००, देखभालीचे ४०,०००, वाहनतळाचे महिना हजार प्रमाणे ४८,००० आणि घसारा २,७५,००० रुपये. बेरीज ६,४४,८०० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे १३,४०० रुपये. हा खर्च स्कूटरच्या जवळजवळ पाचपट आहे. चार वर्षांतील फरक पाच लाख चौदा हजारांचा. एवढ्या रकमेत एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शुल्क निघू शकते किंवा दुकानाला खेळते भांडवल मिळू शकते.

‘मग जुनी मोटार घेऊ’ हा मध्यममार्ग अनेकांना सुचतो. अडीच लाखांची जुनी मोटार रोखीने घेतली आणि चार वर्षांनी एक लाख तीस हजारांना विकली, तरी घसारा १,२०,००० रुपये होतो. पेट्रोल आणि वाहनतळ यांचा खर्च नव्या मोटारीइतकाच. देखभाल दुप्पट, म्हणजे ८०,०००, आणि चार वर्षांचा विमा ३२,००० रुपये. दरमहा ९,३०० रुपये पडतात. जुनी मोटार विकत घ्यायला स्वस्त असते, बाळगायला नाही.

एका परिस्थितीत मात्र चित्र पालटते. एकाच दिशेला जाणारी तीन भावंडे किंवा चुलत-मावस भावंडे असतील, तर जुन्या मोटारीचा खर्च माणशी ३,१०० रुपयांवर येतो. तीन वेगवेगळ्या स्कूटरींच्या हिशेबाच्या तो बराच जवळ आहे. एकत्र कुटुंबाचा हा लाभ अजूनही अनेक घरांना उपलब्ध आहे. नवी मोटार मात्र तिघांत वाटूनही माणशी साडेचार हजारांच्या आसपास राहते.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा इंधनखर्च पेट्रोलच्या तुलनेत अगदीच थोडा असतो. पण ती घेण्यापूर्वी रात्री ती कोठे लावणार आणि चार्जिंगची सोय आहे का, हे पाहावे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

कर्ज आणि कागद

दुचाकीच्या कर्जात ‘फक्त आठ टक्के’ असे ऐकू आले, की तो दर सरळ आहे की घटत्या शिलकेवरचा, हे विचारावे. ऐंशी हजारांवर सरळ आठ टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज १९,२०० रुपये होते आणि हप्ता सुमारे २,७५६ रुपये. मुद्दल दरमहा फिटत असतानाही व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण रकमेवर लावले जाते. घटत्या शिलकेच्या रीतीने पाहिले, तर हा दर साडेचौदा टक्क्यांच्या घरात जातो. व्याजाचा हिशेब ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होता, त्यांच्या नातवंडांनी येथे फसू नये.

वाहन पेढीच्या नावावर घेण्याचा मोहही पुष्कळांना होतो. मुलाच्या महाविद्यालयासाठी वापरलेल्या वाहनाचा घसारा आणि व्याज यांची व्यवसायाच्या खर्चात वजावट मिळत नाही. प्रवासी मोटारीवरील जी.एस.टी.चे क्रेडिटही सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. त्याहून महत्त्वाची बाब विम्याची आहे. मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे व्यक्तीच्या नावावरील वाहनाला लागू होते. मालक पेढी किंवा कंपनी असेल, तर ते मिळत नाही. म्हणून जो मुलगा किंवा मुलगी गाडी चालवणार, त्याच्या नावे वेगळा अपघात विमा असणे अगत्याचे आहे.

जुने वाहन घेताना नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, हे तपासावे. मालकी हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने लगेच भरून द्यावेत आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्या व्यक्तीचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

आईची काळजी खोटी नाही

पैशाच्या हिशेबात स्कूटर जिंकते, पण सुरक्षिततेच्या खात्यावर तिची बाजू दुबळी आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हा आकडा कोणत्याही घसाऱ्यात बसत नाही. म्हणून स्कूटर घेणाऱ्या घराने काही गोष्टी अटळ मानाव्यात. हेल्मेट आय.एस.आय. चिन्हाचेच असावे, त्याचा पट्टा बांधलेला असावा आणि मागे बसणाऱ्यालाही ते असावे. तिघांनी बसू नये. मुसळधार पावसात आणि रात्री उशिरा स्कूटर घरीच ठेवून रिक्षा करावी. वर्षाला पाच-सहा हजार रुपये रिक्षासाठी बाजूला काढले, तरी स्कूटर मोटारीहून कितीतरी स्वस्त राहते.

उलट, जुनी मोटार म्हणजे आपोआप सुरक्षितता, हा समजही तपासून पाहावा. नव्या मोटारीत चालकाची एअरबॅग आणि ए.बी.एस. सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. त्याआधीच्या अनेक स्वस्त मोटारींत ही दोन्ही साधने नाहीत.

कायद्याची एक बाजू व्यापारी घरांनी विशेष ध्यानात ठेवावी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ‘जरा बँकेत भरणा करून ये’ म्हणून स्कूटरची किल्ली देण्याची सवय अजून गेलेली नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सी.सी.पर्यंतच्या विनागिअर गाडीपुरता असतो. आजच्या स्कूटर बहुधा ११० ते १२५ सी.सी.च्या, म्हणजे त्यासाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. अपघातात कोणी दगावले, तर भरपाईचा बोजाही अखेर घरावर येऊ शकतो.

श्रावकाचे मोजमाप

साधू-साध्वी चार हात पुढची भूमी पाहत पायी विहार करतात. गृहस्थाला ते शक्य नाही, पण त्याच्यासाठी पाचवे अणुव्रत आहे परिग्रह-परिमाणाचे. आपल्याला किती पुरे, हे खरेदीपूर्वी ठरवणे हा त्याचा गाभा. दुकानातून परतताना दुसरा पर्याय दिसला, म्हणून ती मर्यादा वाढवायची नसते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त निष्प्रयोजन भटकणे आणि दुसऱ्याला भटकवणे यांची गणना प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडात, केली आहे. ज्या काळी वाहनाला इंजिन नव्हते, त्या काळचा हा विचार रात्री अकराला उगाच फेरी मारायला निघालेल्या तरुणाला आजही जसाच्या तसा लागू पडतो. पावसाळ्यात दिव्याभोवती उडणारे जीव वाहनाच्या काचेवर आदळताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. मोटार घ्यायचीच ठरली, तर तिची आसने चामड्याची नाहीत ना, हेही विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट घराघरांत बोलली जावी. मुलाला गाडी मिळते आणि मुलीला ‘भाऊ सोडेल’ असे सांगितले जाते. शिक्षण दोघांचे सारखेच आहे, तर परवाना आणि वाहनही दोघांचे असावे. एकच स्कूटर घेता येत असेल, तर तिचे वार वाटून घ्यावेत.

या साऱ्याचा मेळ घातला, तर शहरात एकट्याने जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी स्कूटर, तिच्यासोबत उत्तम हेल्मेट, अपघात विमा आणि पावसापाण्यासाठी रिक्षाचे पैसे, हा निर्णय योग्य ठरतो. तिघा भावंडांचा मार्ग एक असेल किंवा घरातील वृद्धांना दवाखान्यात व मंदिरात नेण्यासाठी मोटार तशीही लागणार असेल, तर मोटारीचा विचार अवश्य करावा. मात्र ती मुलाची मोटार म्हणून न घेता घराची मोटार म्हणून घ्यावी.

निर्णय कोणताही होवो, तो मुलाला वही-पेन्सिल देऊन त्याच्याकडूनच मांडून घ्यावा. पेट्रोलचा, सर्व्हिसिंगचा, विम्याचा प्रत्येक खर्च त्याने दरमहा स्वतः लिहावा आणि महिनाअखेर वडिलांना दाखवावा. व्यापाऱ्याच्या मुलाला पेढीवर बसवण्यापूर्वी रोजकीर्द लिहायला शिकवण्याची आपल्याकडे रीत होती. त्याच्या हातची पहिली कीर्द स्कूटरची असायला काहीच हरकत नाही.