आगबोटीवरून उतरल्यावर

आगबोटीच्या प्रवासात एक मोठे सुख असते. आपण बसल्या जागी असतो आणि गावेच आपल्याकडे येतात. सकाळी कठड्याशी जाऊन उभे राहावे, तो समोर नवे बंदर. दिवसभर हिंडून यावे, तो संध्याकाळी नांगर उचलण्याची तयारी. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या पर्यटक बोटी मंगळुरास थांबतात. प्रवासी उतरून मूडबिद्रीची हजार खांबांची जैन बस्ती पाहतात, काजूचा कारखाना पाहतात आणि दिवेलागणीस परत बोटीवर चढतात. पूर्वेकडे सह्याद्रीची निळी रेघ त्यांना दिसते खरी. पण त्या रेघेपलीकडचा मुलूख त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

तो मुलूख पाहावयाचा तर बंगळुरास यावे लागते. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर वसलेल्या या शहरातून म्हैसूरमार्गे दक्षिणेस निघावे, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरांच्या आत गिधाडांचे डोंगर, पक्ष्यांचे गाव, नदीतील बेटे आणि हत्तींचे रान अशी चार निरनिराळी जगे लागतात. नभोवाणीवरून छायाचित्रणाविषयी बोलावयाचे म्हणजे विचित्रच. दाखवावयास हाती काही नाही. पण या वाटेवर मला जे उमगले ते चित्रात येण्याजोगे नव्हतेच, असे आता वाटते.

माझे एक आतेभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, चाळीस वर्षे परदेशी आहेत. एका मार्च महिन्यात ते आणि वहिनी सागरी सफर आटोपून कोचीनला उतरले आणि विमानाने माझ्याकडे आले. त्याआधी बोटीवरूनच त्यांनी अकरा मित्रांची यादी पाठविली होती. सर्वांना रान दाखवावयाचे होते. मी कळविले, आपण तिघे आणि त्या यादीतले दोघे. दादा रागावले. "एक बस केली की झालं, तू उगाच सरकारी अडचणी काढतोस," असे म्हणाले.

अडचण सरकारी नव्हती. रानातील जीपमध्ये छायाचित्र घेणाऱ्यास बाजू लागते. डावीकडे सांबर उभे राहिले की उजवीकडच्यांना शेजाऱ्याच्या खांद्यापलीकडे काही दिसत नाही. बसमध्ये एकजण उठला की सारी गाडी हलते, आणि चारशे मिलिमीटरच्या भिंगाला ते हलणे भूकंपासारखे असते. तिपाईला जीपमध्ये जागा नसते. तांदूळ भरलेली एक लहानशी पिशवी खिडकीवर ठेवून तीवर भिंग टेकविणे हाच उत्तम उपाय. इंजिन बंद करून वीस मिनिटे गप्प बसणे चार-पाच माणसांना जमते. चाळीस माणसांत कोणाला ना कोणाला खोकला येतोच.

बंगळूरच्या छायाचित्रकारांनी ही विद्या फार पूर्वी आत्मसात केली. ओ. सी. एडवर्ड्‌स यांच्याकडून टी. एन. ए. पेरुमाळ यांनी ती घेतली, ई. हनुमंतराव हे त्याच पिढीतले. मराठी श्रोत्यांना जवळचे वाटावे असे नाव म्हणजे संडूरच्या घोरपडे घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे. कर्नाटकाचे अर्थमंत्रिपद सांभाळणारा हा गृहस्थ रानात कॅमेरा घेऊन बसे, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे वन्यजीवनावरील पुस्तक परदेशांतही पोहोचले. अंदाजपत्रक आणि बिबळ्या या दोहोंची वाट सारख्याच धीराने पाहता येते, याचे मला सरकारी नोकर म्हणून कौतुक वाटते.

बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग २०२३ साली खुला झाला. तो रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर या गावांना बाहेरून वळसा घालून जातो. वेळ वाचतो, पण आम्ही मुद्दाम जुना रस्ता धरला. रामनगरचे ते प्रचंड करडे कातळ १९७५ सालच्या ‘शोले’मुळे सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्याच कातळांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे राहतात, हे थोड्यांना ठाऊक असते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशभर गिधाडे मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि २०१२ साली या डोंगराला गिधाडांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. आता येथे मोजकीच उरली आहेत. आम्हाला त्या सकाळी एकही दिसले नाही.

मद्दूरच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेले की कोक्करे-बेळ्ळूर लागते. कन्नडात करकोच्याला कोक्करे म्हणतात. गावाचे नावच पक्ष्यांवरून पडलेले. येथे तळे नाही, कुंपण नाही. घरांच्या मधोमध चिंचा आहेत आणि त्या चिंचांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठिपकेदार चोचीचे झोळीवाले, म्हणजे पेलिकन, आणि चित्रबलाक घरटी करतात. १९७६ साली वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी या वसाहतीकडे लक्ष वेधले. घरटी असलेल्या झाडाची चिंच झोडपता येत नाही. त्या बुडालेल्या उत्पन्नाबद्दल वनखाते झाडाच्या मालकाला भरपाई देते. पक्ष्यांच्या विष्ठेचे खत शेताला मिळते ते वेगळे. लांब भिंगाची येथे गरज नाही, कौलांवरच पक्षी.

दादांना उडणारा झोळीवाला हवा होता. दोन मीटरांहून अधिक पसरणारे ते पंख, चित्र सुरेख आले असते यात शंका नाही. पक्षी मात्र पिलांवर सावली धरून स्तब्ध बसलेले. अर्धा तास वाट पाहून दादांनी जोराने टाळ्या वाजविल्या.

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. ती ओरडली नाही. तिने कन्नडात एकच वाक्य विचारले, ते आमच्या चालकाने सांगितले: "बाळंतिणीला असं कुणी उठवतं का?"

त्या गावात या पक्ष्यांना बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकी मानतात. पक्षी उडाला की अंड्यांवर ऊन पडते, कावळे आणि घारी टपलेल्या असतातच, हे मी दादांना शास्त्राच्या भाषेत सांगू लागलो. पण ते ऐकत नव्हते. वहिनींनी म्हातारीपुढे हात जोडले. तिने आम्हाला ओट्यावर बसावयास सांगून पाणी आणून दिले.

पुढे श्रीरंगपट्टण. १७९२ साली हरिपंत फडक्यांची फौज येथवर आली होती, हे सांगण्याचा मोह मराठी माणसाला आवरत नाही. तो मी पाचच मिनिटांत आवरला. जवळच कावेरीत रंगनतिट्टूची बेटे आहेत. सतराव्या शतकात कंठीरव नरसराज वडियारांच्या कारकिर्दीत नदीला बंधारा घातला गेला आणि त्याच्या पाण्याने ही बेटे घडली. सलीम अलींनी येथील घरटी पाहून म्हैसूर दरबाराला सुचविले आणि १९४० साली हे अभयारण्य झाले. वल्हवत नेणाऱ्या नावेतून फिरावे लागते. नाव डुलत असते, म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग ठेवावा. पांढरा पक्षी गर्द झाडीपुढे असला की कॅमेरा झाडीच्या काळोखावरून अंदाज बांधतो आणि पिसे जळाल्यासारखी कोरी येतात. प्रकाश जरा कमी घेतला तर पिसांच्या रेषा उमटतात. खडकांवर मगरी जबडा उघडून पडलेल्या असतात. त्यांची चित्रे सर्वांनाच चांगली येतात.

म्हैसूरहून नैर्ऋत्येस काबिनीचे धरण. १९७४ सालच्या या जलाशयाने एका बाजूस नागरहोळे आणि दुसऱ्या बाजूस बंदीपूर अशी राने अलग केली. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी हत्तींचे कळप उतरतात. याच परिसरात, काकनकोटे येथे, पूर्वी खेड्डा भरत असे. कळपच्या कळप हाकून कोंडीत घालीत, आणि राजेरजवाड्यांचे पाहुणे ते बघावयास जमत. शेवटचा खेड्डा १९७१ सालचा. ती जागा आज बरीचशी पाण्याखाली आहे. त्या काठावर दादांनी दोन तासांत सहा-सात चित्रे घेतली असतील. एरवी त्यांचा कॅमेरा शिवणयंत्रासारखा चालतो.

शेवटचा मुक्काम गुंडलुपेटला. बंदीपूरच्या रानातून संध्याकाळी परतताना रस्त्याच्या कडेला एक हत्तीण आणि तिच्या पोटाखाली पिलू दिसले. मावळता पिवळा उजेड, धुळीचा पडदा. असे चित्र जन्मात एकदाच मिळते. दादा म्हणाले, "थांबव रे!" दोन दिवस आमचा प्रत्येक शब्द झेलणारा चालक थांबला नाही. रानातील रस्त्यावर गाडी उभी करण्यास मनाई आहे. एक गाडी थांबली की मागे दहा थांबतात, कोणी खिडकीतून केळी फेकतो, आणि कळपाची रस्ता ओलांडण्याची वाट बंद होते. दादांनी जास्त पैसे देऊ केले, तेव्हा तो फक्त हसला.

नाका ओलांडून आम्ही एका टपरीवर चहाला बसलो. या रानातून उटीकडे आणि वायनाडकडे जाणारे दोन्ही हमरस्ते २००९ सालापासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. रुग्णवाहिका आणि ठरावीक थोड्या बसगाड्या तेवढ्या सुटतात. रात्रीच्या वाहनांखाली फार जनावरे मरत, म्हणून ही बंदी. व्यापाऱ्यांची आणि शेजारच्या केरळ राज्याची तक्रार आहे, भाजीच्या गाड्यांना लांबचा वळसा पडतो, हेही खरे. उच्च न्यायालयाने मात्र २०१० साली बंदी उचलून धरली. नऊ वाजता रखवालदाराने अडसर खाली घेतला. मालमोटारींचे दिवे एकामागून एक विझले. थोड्या वेळाने रातकिड्यांचा आवाज एवढा वाढला की आम्हाला मोठ्याने बोलावे लागले.

दादांनी उठून त्या अडसराचे एक चित्र घेतले. उजेड पुरेसा नव्हता, हात हलला. परदेशी पोहोचल्यावर त्यांनी सर्व चित्रे पाठविली, त्यांत ते पुसटसेही आहे. झोळीवाल्याचे मात्र एकही नाही; वहिनींनी काढलेले त्या म्हातारीच्या ओट्याचे एक आहे.